दऱ्या की दर्या?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



संगणकावर बोलायला एका कवीला का बोलावलं, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. मी बी. ए. झालो तो मराठी घेऊन, आणि संगणकाचा एकही वर्ग मी कधी केलेला नाही. पण १९९० नंतरची पंचवीस-सव्वीस वर्षं मी सांगली-मिरज भागातल्या छापखान्यांत मुद्रितशोधक म्हणून काढली. खिळे जुळवणारे कंपोझिटर गेले आणि संगणकावरचे डीटीपी ऑपरेटर आले, तेव्हापासून ते आजपर्यंत संगणक बदलले की माझ्या कागदावर काय काय बदलतं, हे मी पाहत आलो आहे. मुद्रितशोधकाला यंत्राच्या आतलं कळलं नाही तरी चालतं, पण बाहेर आलेलं अक्षर चुकलं की त्याला लगेच टोचतं. त्या टोचण्यातून जे कळलं, तेवढंच सांगणार आहे.

२०२५ सालच्या १४ ऑक्टोबरला विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमला मायक्रोसॉफ्टनं द्यायची नेहमीची साथ संपली. ठरावीक अटींवर वाढीव मुदत ठेवली, एवढंच. याआधी २०१४ च्या ८ एप्रिलला विंडोज एक्सपीची आणि २०२० च्या १४ जानेवारीला विंडोज ७ ची साथ अशीच संपली होती. साथ संपली म्हणजे यंत्र बंद पडत नाही. मात्र त्यात सापडणाऱ्या भोकांना नवी ठिगळं मिळत नाहीत. मग दुकानदार सांगतो, नवीन विंडोज घाला. विंडोज ११ साठी सुरक्षेची एक ठरावीक चिप लागते आणि प्रोसेसरही साधारण २०१८ च्या अलीकडचा लागतो. म्हणजे पुष्कळांना यंत्रच नवं घ्यावं लागतं. यंत्र नवं आलं की जुने प्रोग्रॅम त्यावर चालतील की नाही, हा प्रश्न येतो. आणि जुना प्रोग्रॅम चालला नाही तर त्यात केलेलं काम कुठं जातं, हा त्याच्या मागचा, मला जास्त महत्त्वाचा वाटणारा प्रश्न.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कचेरीतला हेडक्लार्क समजा. आपण वापरतो ते प्रोग्रॅम यंत्राशी थेट बोलत नाहीत. जागा द्या, अमुक फाइल उघडा, तमुक छापून द्या, असे सगळे अर्ज या हेडक्लार्ककडं जातात. वर्षानुवर्षं एकच माणूस खुर्चीवर असला की कचेरीत काही सवयी पडतात. नियमात नसलेल्या गोष्टीही चालून जातात. मग बदली होते. नवा माणूस नियमानं चालणारा निघतो, आणि काल होत असलेलं काम आज अडतं. चूक कोणाची? कागदावर पाहिलं तर नियम मोडणाऱ्याची. पण त्याला तो नियम कुणी कधी सांगितलाच नव्हता.

एक उदाहरण आमच्या छापखान्यातलंच. एक्सपीच्या काळातले प्रोग्रॅम आपली टिपणं, याद्या, सेटिंग सगळं स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवत. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं आणि त्यानं सांगितलं की प्रोग्रॅमांच्या फोल्डरमध्ये साध्या वापरणाऱ्याला लिहिता येणार नाही. सुरक्षेच्या दृष्टीनं हे बरोबरच होतं. पण जुने प्रोग्रॅम एकदम कोलमडू नयेत म्हणून त्यानं एक मधला मार्ग काढला. प्रोग्रॅमला वाटावं की आपण आपल्याच घरात लिहितो आहोत, प्रत्यक्षात ते लिखाण त्या त्या वापरणाऱ्याच्या नावाच्या वेगळ्याच कप्प्यात जावं. परिणाम असा की सकाळपाळीच्या ऑपरेटरनं भरलेली गावांच्या आणि आडनावांच्या शब्दांची यादी संध्याकाळच्या ऑपरेटरला दिसेना. दोघांचे कप्पे वेगळे! दोघं एकमेकांवर संशय घ्यायला लागले. मालकांनी दोघांनाही झापलं. यंत्रानं सगळ्यांशी सौजन्यानं वागायचं ठरवलं होतं आणि त्यातून हे भांडण उभं राहिलं होतं.

जुनं मोडू नये म्हणून नव्यानं किती सोसावं, याचा एक किस्सा जोएल स्पोल्स्की यांनी लिहून ठेवला आहे. हे गृहस्थ एके काळी मायक्रोसॉफ्टमध्ये होते. सिमसिटी नावाचा शहरं वसवण्याचा खेळ होता. त्यात एक दोष होता. वापरून झालेली स्मृतीतली जागा परत केल्यावरही तो खेळ तिथं डोकावत असे. खोली सोडल्यावर पुन्हा जाऊन कपाट उघडून पाहण्यातला प्रकार. आधीच्या व्यवस्थेत ती खोली लगेच दुसऱ्याला दिली जात नव्हती, म्हणून कपाटात आपलंच सामान सापडत होतं आणि दोष झाकला जात होता. विंडोज ९५ तयार होत असताना हे उघडं पडलं. तेव्हा त्या मंडळींनी खेळ बनवणाऱ्यांकडं बोट दाखवलं नाही. विंडोज ९५ मध्येच अशी सोय केली की सिमसिटी चालू आहे असं दिसलं, तर सोडलेली खोली लगेच दुसऱ्याला द्यायची नाही.

आणखी एक गंमत. विंडोज ९५ चा क्रमांक खरा ४.०. पण जुन्या प्रोग्रॅमांनी विचारलं की ते स्वतःचा क्रमांक ३.९५ असा सांगत असे. कारण कित्येक प्रोग्रॅमांना ३.१० किंवा त्यापुढची आवृत्ती हवी होती, आणि ते टिंबाच्या आधीचा व नंतरचा आकडा वेगवेगळा तपासत. चार तीनपेक्षा मोठे, ठीक. पण शून्य दहापेक्षा लहान, म्हणून नापास! अशा गणितात कच्च्या प्रोग्रॅमांसाठी एवढ्या मोठ्या कंपनीनं वय चोरलं. विंडोज ७ चा आतला क्रमांकही ७ नाही, ६.१ आहे, तोही असल्याच अडचणी टाळायला.

काही वेळा मात्र जुन्याला नव्याचा वेगच सोसत नाही. टर्बो पास्कल या भाषेत लिहिलेले डॉसचे पुष्कळ प्रोग्रॅम सुरू होताना यंत्राचा वेग मोजत. घड्याळाच्या एका ठोक्यात यंत्र किती फेऱ्या मारतं ते पाहायचं आणि त्याला ५५ नं भागायचं. यंत्रं हळू होती तोवर उत्तर ठरलेल्या चौकटीत मावत होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी दोनशे मेगाहर्ट्झच्या आसपासची आणि पुढची यंत्रं आली. उत्तर ६५,५३५ च्या पलीकडं जाऊ लागलं, आणि प्रोग्रॅम ‘रनटाइम एरर २००’ असा निरोप देऊन सुरू होण्याआधीच पडू लागला. त्यात काही बिघडलेलं नव्हतं. तो चालवणारं यंत्र फार चांगलं होतं, इतकंच.

पुढं ६४ बिटची विंडोज आली आणि डॉसच्या व विंडोज ३.१ च्या काळातले १६ बिटचे प्रोग्रॅम तिनं चालवणंच सोडलं. इथं एक विचित्र गोष्ट व्हायची. कित्येक प्रोग्रॅम स्वतः ३२ बिटचे, म्हणजे नव्या यंत्रावर चालू शकतील असे, पण त्यांना यंत्रात उतरवून देणारा इन्स्टॉलर मात्र १६ बिटचा. वक्ता धडधाकट आहे, पण त्याला सभागृहापर्यंत आणणारी रिक्षाच सुरू होत नाही, अशी अवस्था.

आणि डाँगल! छापखान्यात काम केलेल्यांना हा शब्द ऐकूनच कससं होईल. महागड्या सॉफ्टवेअरची चोरी होऊ नये म्हणून कंपन्या त्यासोबत एक कुलूप द्यायच्या. बोटभर लांबीचं, प्रिंटरच्या पोर्टला लावायचं. ते लावलेलं असेल तरच प्रोग्रॅम उघडणार. पुढं नव्या संगणकांवरून ते रुंद पोर्टच गायब झालं. यूएसबीचं कुलूप मिळालं तरी त्याचा जुना ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर चालेना. ज्यानं हजारो रुपये मोजून रीतसर सॉफ्टवेअर घेतलं तो कुलूप हातात धरून बसला, आणि ज्यानं कुलूप तोडलेली प्रत चोरून वापरली त्याचं काम बिनधोक सुरू राहिलं. चोरीचं समर्थन मी करत नाही. पण हे असं झालं.

ॲपलची रीत वेगळी. त्यांनी जुने वाडे सरळ पाडले. जुन्या मॅकचे प्रोग्रॅम चालवणारी ‘क्लासिक’ सोय २००७ मध्ये गेली, २०११ मध्ये पॉवरपीसी प्रोसेसरसाठी लिहिलेले प्रोग्रॅम गेले, २०१९ मध्ये ३२ बिटचे सगळे प्रोग्रॅम गेले. त्यांचं म्हणणं, जुन्याचं ओझं वाहत राहिलं तर नवं नीट उभं राहत नाही. त्यात तथ्य आहे. मायक्रोसॉफ्टचा वाडा अजून उभा आहे, पण आजोबांसाठी ठेवलेल्या जिन्यावरून चोरही वर येतात. भारतातली कित्येक एटीएम यंत्रं एक्सपीवरच चालत राहिली होती. शेवटी २०१८ च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की २०१९ च्या जूनपर्यंत टप्प्याटप्प्यानं ती सगळी बदला. तेव्हा जुनं धरून ठेवा, असा सरसकट सल्ला मी देणार नाही.

आता माझ्या खऱ्या विषयाकडं येतो. तो म्हणजे आपलं अक्षर.

संगणकाच्या जुन्या पद्धतीत अक्षरं ठेवायला एकूण २५६ घरं होती. त्यातली पहिली १२८ इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हं यांनी अडवलेली. देवनागरीला जागाच नव्हती. आपल्याकडं प्रयत्न झाले नाहीत असं नाही. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाचं प्रमाण ठरलं, १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं ते स्वीकारलं, पुण्याच्या सी-डॅकनं त्यावर पुष्कळ काम केलं. पण छापखान्यांत वापरले गेले ते बहुतेक फाँट दुसऱ्या युक्तीनं चालायचे. इंग्रजी अक्षरांच्याच घरांत देवनागरीचे तुकडे बसवायचे. ‘के’च्या घरात एखादा अर्धा व्यंजनवर्ण, स्वल्पविरामाजवळच्या घरात काना, असं. पडद्यावर आणि कागदावर मराठी दिसायचं. संगणकाच्या मते मात्र आपण इंग्रजीच लिहीत होतो. संत-पंत-तंतांपासून लग्नपत्रिकेपर्यंत जे जे आम्ही छापलं, ते यंत्राच्या पोटात ‘एक्स-झेड-कंस-डॉलर’ असं पडून होतं.

शिवाय प्रत्येक कंपनीची घरांची मांडणी वेगळी. एका फाँटमध्ये ज्या घरात काना, दुसऱ्यात तिथं उकार. म्हणजे फाइल आहे पण फाँट नाही, तर ती फाइल वाचणं अशक्य.

त्यात इंग्रजीसाठी बनवलेले प्रोग्रॅम आपल्या परीनं मदत करत. वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करायचं, एकटा ‘आय’ दिसला की तो मोठा करायचा, सरळ अवतरणचिन्हं वळणदार करायची. इंग्रजीत ही सेवा. आमच्याकडं त्यामुळं कवितेची पहिली वेलांटी बदलून तिथं भलताच जोडाक्षराचा तुकडा येऊन बसे. काही घरं, उदाहरणार्थ १६० आणि १७३ क्रमांकांची, न तुटणारी मोकळी जागा आणि अदृश्य जोडरेघ यांसाठी राखीव. त्या घरांत एखाद्या फाँटवाल्यानं अक्षराचा तुकडा ठेवला असेल, तर मजकूर नव्या प्रोग्रॅममध्ये नेताना तो तुकडा आवाज न करता नाहीसा होऊ शकतो.

यावर खरा इलाज निघाला तो युनिकोडचा. जगातल्या सगळ्या लिप्यांना स्वतःची कायमची घरं. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे. विंडोजमध्ये ती नीट आली विंडोज २००० पासून, ‘मंगल’ या फाँटसह. हा फाँट रेखाटला र. कृ. जोशी यांनी. जोशी सुलेखनकार म्हणून जगभर गाजले, पण ते मराठीतले कवी होते, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. २००८ मध्ये ते गेले. कोट्यवधी लोकांनी संगणकावर आपली भाषा पहिल्यांदा पाहिली ती या कवीच्या हातच्या वळणात.

एक्सपीवर तरी हे आयतं नव्हतंच. सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करायची, मग यंत्र विंडोजची सीडी मागायचं, आणि ती सीडी नेमकी दुकानदाराकडं राहिलेली असायची. खूण नसेल तर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला, जोडाक्षरं सुटी. व्हिस्टापासून ही कटकट गेली. अक्षरंही मागून आली. ‘ॲप’, ‘ॲड.’ यांतला चंद्र डोक्यावर घेतलेला ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आलं ते २००८ मध्ये. त्याआधीच्या फाँटमध्ये ते नाही, म्हणून जुन्या यंत्रावर त्या जागी रिकामा चौकोन दिसतो. किती वकिलांच्या नावाआधी मी तो चौकोन पाहिला आहे!

आमच्या भागात एक शिक्षक होते, माझ्याहून वयानं बरेच मोठे. कविता आणि गझला लिहायचे, छापायची घाई नसायची. मी त्यांना गुरुजी म्हणत असे. १९९८ ते २००३ या काळात त्यांनी आपल्या कविता एका छापखान्यात जुळवून घेतल्या, पेजमेकरमध्ये. एकूण ११२. संग्रह निघायचा राहिला, पैशांमुळं. २००५ साली कृष्णेला पूर आला, त्यांच्या घरात पाणी शिरलं आणि हस्तलिखित वह्या गेल्या. गुरुजी शांतपणे म्हणाले, “छापखान्यात आहे सगळं.” २०११ मध्ये ते गेले. २०१८ साली त्यांची मुलगी माझ्याकडं एक सीडी घेऊन आली. म्हणाली, “काका, बाबांच्या कविता यात आहेत म्हणतात. पण उघडतच नाही. एका पोरानं कसंबसं उघडून दिलं तर सगळं इंग्रजीच दिसतंय.”

तो मूळ छापखाना बंद पडला होता. पेजमेकर तर कधीच थांबलं होतं. २००१ ची सातवी आवृत्ती शेवटची, आणि युनिकोड त्याला माहीतच नव्हतं. त्याच कंपनीचं इनडिझाइन पेजमेकरच्या फायली उघडायचं, पण २०१२ च्या आवृत्तीपर्यंतच. पुढच्या आवृत्त्यांतून ती सोय काढली. म्हणजे हवं होतं एक जुनं यंत्र, त्यावर पेजमेकर, त्याच मांडणीचा फाँट आणि त्याचं कुलूप. चारही एकत्र.

शोधत शोधत आमच्या जुन्या ऑपरेटरकडं पोचलो. त्यानं नदीकडच्या पेठेत लहानसं दुकान टाकलं होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, उरुसाची भित्तीपत्रकं. कोपऱ्यात फडक्याखाली एक्सपीचं यंत्र, जाड काचेचा मॉनिटर. “भाई, याला इंटरनेट लावत नाही मी,” तो म्हणाला. “बाहेरचं वारं लागलं की मरेल.” त्यानं सीडी घातली. दोनदा नाही म्हणाली, तिसऱ्यांदा लागली. पानं उघडली. गुरुजींचं अक्षर नव्हतं ते, पण ओळी त्यांच्या होत्या. मुलगी खुर्चीमागं उभी होती, तिनं तिथूनच पहिली कविता मोठ्यानं वाचायला घेतली.

मी ऑपरेटरला सांगितलं, आधी सगळं कागदावर काढ. तो म्हणाला पीडीएफ करतो, पुरे. मी हट्ट धरला, दोन्ही कर. पीडीएफमध्ये अक्षरं नीट दिसतात, कारण फाँट आत चिकटवलेला असतो; पण त्यातला मजकूर उचलून दुसरीकडं ठेवला की पुन्हा तेच इंग्रजी. आणि पुढच्याच वर्षी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, पुन्हा पूर आला. ते यंत्र पाण्यात गेलं. त्यानं महिनाभर उन्हात वाळवून पाहिलं. उठलं नाही.

कागद हातात आला, पण पुस्तकासाठी मजकूर युनिकोडमध्ये हवा होता. त्यासाठी परिवर्तक, म्हणजे कन्व्हर्टर मिळतात. त्यांचं काम वाटतं तेवढं सोपं नाही. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी लिहिलेली असते. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणं नंतर. ‘स्थिती’तली पहिली वेलांटी उचलून ‘स’ आणि ‘थ’ दोघांच्या पलीकडं नेऊन ठेवावी लागते. रफार उलटा, ‘सूर्य’मधला रफार जुन्या पद्धतीत शेवटी लावलेला, युनिकोडमध्ये ‘य’च्या आधी. परिवर्तकानं हे बहुतेक सगळं बिनचूक केलं.

फसला तो आपल्या मराठीच्या खास अक्षराशी. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांतला पापणीसारखा अर्धा ‘र’. हिंदीला त्याची गरज नाही, आपल्याला आहे. कऱ्हाड, वऱ्हाड, गुऱ्हाळ, तऱ्हा. युनिकोडमध्ये तो लिहायची रीत वेगळी आहे, पण त्या परिवर्तकानं प्रत्येक पापणीचा रफार करून टाकला. ‘कर्हाड’ दिसलं की कुणीही दुरुस्त करील. ‘वार्यावर’ही डोळ्यांना खुपतं. पण गुरुजी पाटणच्या बाजूचे, सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर वाढलेले, आणि आजोळ कोकणात. त्यांच्या कवितेत दऱ्याही आहेत आणि दर्याही आहे. परिवर्तकातून बाहेर आलं तेव्हा सगळीकडं नुसता ‘दर्या’. धुकं उतरतं ते दर्यावर, हाक घुमते ती दर्यात. वाक्य कुठंच मोडत नव्हतं! संग्रहात दरी उरलीच नव्हती, आणि नुसता परिवर्तित मजकूर वाचणाऱ्याला काही हरवल्याचा पत्ताही लागला नसता. उलट एखाद्या समीक्षकानं गुरुजींच्या समुद्रप्रतिमांवर लेख लिहिला असता.

कागद होता म्हणून एकेक जागा पडताळता आली. जुन्या फाँटमध्ये पापणी स्पष्ट दिसते. सव्वीस ठिकाणी ‘दर्या’ होता. त्यातल्या एकोणीस दऱ्या निघाल्या आणि सात ठिकाणी खरोखरचा समुद्र. प्रूफं वाचायला मला अडीच महिने लागले.

हा त्रास उर्दूवाल्यांनाही झाला, पण थोडा वेगळा. आमच्या छापखान्यात एकाच यंत्रावर मराठीसाठी एक आणि उर्दूसाठी ‘इनपेज’ असे दोन प्रोग्रॅम असत. निकाहच्या पत्रिकेत एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते. उर्दूची नस्तालीक लिपी तिरकी उतरत जाते, ती खिळ्यांत बसतच नव्हती; वर्तमानपत्रंसुद्धा कातिब हातानं लिहीत. पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडरूपं तयार केली, त्यातून १९८१ मध्ये ‘नूरी नस्तालीक’ आली आणि ती १९९४ पासून इनपेजमधून इकडच्या छोट्या दुकानांतही पोचली. जुन्या इनपेजच्या फायली युनिकोडमध्ये नसायच्या. बाहेर काढल्या की त्यांचीही खिचडी. पण उर्दूत जवळजवळ सगळीकडं इनपेजच. एकच कुलूप, म्हणून एक चावी झाली की काम भागलं. मराठीत दुकानागणिक कुलूप वेगळं. आपल्याकडं स्पर्धा होती, चांगले फाँट निघाले, याचा मला आनंदच आहे. किंमत मात्र ही.

ज्यांच्या घरात असा ऐवज असेल त्यांना एवढंच सांगेन. फाइल ठेवाल तिथंच तिचा फाँटही ठेवा. ट्रूटाइप जातीचे जुने फाँट नव्या विंडोजवर अजूनही बहुधा चालतात, टाइप वन जातीच्या फाँटना मात्र ॲडोबीनं २०२३ पासून थारा देणं बंद केलं आहे. मजकूर युनिकोडमध्ये आणून घ्या, आणि आणल्यावर माणसाकडून वाचून घ्या. एक छापील प्रत पुराचं पाणी पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा. नव्या यंत्राच्या पोटात जुन्या यंत्राचं सोंग उभं करायची सोयही असते. डॉसच्या प्रोग्रॅमांसाठी डॉसबॉक्स आहे, आणि विंडोज ७ च्या काही आवृत्त्यांत आतल्या आत एक्सपी चालवता येत असे. जाणकार तरुण मुलं हे करून देतात. त्यांना चहा पाजा.

गुरुजींचं पुस्तक निघालं. त्यात १०९ कविता आहेत. राहिलेल्या तीन शेवटी शेवटी दुसऱ्याच कुणाकडून जुळवून घेतलेल्या, वेगळ्या फाइलमध्ये, वेगळ्या फाँटात. फाइलमध्ये फाँटचं नाव नोंदलेलं आहे, पण त्या नावाचा फाँट मला अजून कुठं मिळालेला नाही. दोन मुक्तछंदातल्या असाव्यात, ओळी लहानमोठ्या आहेत. तिसरी गझल आहे, हे मला न वाचताही कळलं. पहिल्या दोन्ही ओळींच्या शेवटी इंग्रजी चिन्हांचा एकच गुच्छ येतो आणि मग एकाआड एक ओळीच्या शेवटी तोच. म्हणजे रदीफ. त्याच्या आधी काफिया बदलतो तोही दिसतो. सात शेर आहेत.

मराठीत सगळ्यात जास्त येतं ते कान्याचं चिन्ह, म्हणून सगळ्यात जास्त आलेल्या चिन्हाला मी काना मानलं. अनुस्वार त्यावरून सापडला. रदीफ तीन अक्षरांचा आहे, त्यातली दोन लागली. शेवटच्या शेरात त्यांचं टोपणनाव असणारच, तिथून आणखी चार अक्षरं मिळाली. आता पहिले दोन शेर पूर्ण वाचता येतात आणि पाचव्यातली एक ओळ. चौथ्या शेरात एक चिन्ह अडलं आहे, ते बाकी कुठंच येत नाही. वृत्तात तिथं एक लघू हवा. रविवारी गुरुजींची मुलगी येते, तेव्हा आम्ही दोघं पुन्हा बसतो.